ब्रेडचं लेबल खरं बोलतं का?

 

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, "सर, तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेला, आणि आता ब्रेडच्या पाकिटावर व्याख्यान?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचंच उत्तर आधी देतो. माणसाला ज्ञान कुठून होतं, हा आमच्या विषयातला सगळ्यात जुना प्रश्न. डोळ्यांना दिसतं ते प्रत्यक्ष. धूर बघून विस्तव ओळखतो ते अनुमान. आणि दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून कळतं ते शब्द. न्यायदर्शनानं शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानलं, आणि आमच्या मते शहाणपणानं मानलं. कारण आपल्याला जे जे माहीत आहे असं आपण म्हणतो, त्यातलं बहुतेक दुसऱ्याच्या तोंडून आलेलं असतं.

आता ब्रेड हातात घ्या. तो तपकिरी आहे हे दिसतं. पण त्यात कणीक किती, मैदा किती, मीठ किती, हे डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही नीटसं कळत नाही. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं ब्रेड-पावाचे ३८ नमुने प्रयोगशाळेत तपासले. त्यातल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश सापडले. पुढच्याच महिन्यात सरकारनं ब्रोमेटवर बंदी घातली. तोवर रोज सकाळी तो ब्रेड खाणाऱ्या एकालाही चवीवरून शंका आली नव्हती. म्हणजे काय, तर ब्रेडविषयी आपल्याला जे कळतं ते पाकीट सांगतं तेवढंच. पाकीट हा इथला एकुलता एक साक्षीदार. आणि साक्षीदाराची उलटतपासणी करणं हे आमचं जुनं काम आहे.

पण हे सगळं बुद्धीचा खेळ म्हणून करायचं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा देशव्यापी अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या कितीतरी घरांत 'साधा नको, ब्राउन आणा' असा निरोप दुकानात जातो. ब्राउन म्हणून, मल्टिग्रेन म्हणून जास्तीचे पैसे मोजले जातात. ते पैसे मोजणारा माणूस चव विकत घेत नसतो. तो पाकिटावरच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून आपल्या प्रकृतीचा निर्णय घेत असतो. ते वाक्य किती भरवशाचं, एवढंच आज पाहायचं आहे.

'लेबल अचूक आहे का?' हा प्रश्न एक दिसतो, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. पहिला, छापलेला आकडा बरोबर आहे का? दुसरा, आकड्यावरून केलेला दावा कायद्यात बसतो का? तिसरा, तो दावा वाचून वाचणाऱ्याच्या मनात जी समजूत होते, ती खरी आहे का? या तिघांची गल्लत झाली की वाद भरकटतो. ग्राहक तिसऱ्याबद्दल तक्रार करतो, कंपनी पहिल्याचं उत्तर देते, आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतं.

पहिला प्रश्न घेऊ, आकड्यांचा. पाकिटाच्या मागे तक्ता असतो: ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, साखर, स्निग्ध पदार्थ, सोडियम. पुष्कळांना वाटतं, हे आकडे आपल्या हातातल्या त्या विशिष्ट ब्रेडचे आहेत. तसं नसतं. कॅलरी कुणी स्लाइस जाळून मोजलेल्या नसतात. प्रथिनं आणि कर्बोदकं यांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ आणि स्निग्धाच्या ग्रॅमला ९, असा हिशेब असतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामातून तो आला आणि जगभर रुळला. बाकीचे आकडे कधी प्रयोगशाळेतून येतात, तर कधी घटकांच्या प्रमाणावरून कोष्टकं बघून काढलेले असतात. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची कोष्टकं आहेत. शिवाय गहू दर हंगामाला बदलतो, भट्टीत पाणी कमी-जास्त उडतं. म्हणून कायदेही थोडी सूट ठेवतात. अमेरिकेत कॅलरी किंवा सोडियम छापल्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त निघालं तरी ते नियमात बसतं.

यावर काही मंडळी चिडतात. आम्ही चिडत नाही. सरासरी ही सरासरी असते, आणि धान्याच्या पदार्थाकडून सोनाराच्या काट्याची अपेक्षा करू नये. शंभर ग्रॅमला प्रथिनं ८ छापली आणि साडेसात निघाली, तर त्यानं कुणाची साखर वाढत नाही. आकडा हा या साक्षीदाराचा सगळ्यात प्रामाणिक भाग आहे, असंच आमचं मत आहे. अडचण आकड्याच्या पुढे सुरू होते.

दुसरा प्रश्न, दाव्यांचा. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, २०१८ साली जाहिराती आणि दावे यांचे नियम केले. त्यानुसार घन पदार्थात १०० ग्रॅमला किमान ३ ग्रॅम फायबर असेल तर 'फायबरचा स्रोत' म्हणता येतं, आणि किमान ६ ग्रॅम असेल तर 'हाय फायबर'. प्रथिनांचंही तसंच. दिवसाच्या शिफारशीच्या १० टक्के प्रथिनं १०० ग्रॅममध्ये असली की 'प्रथिनांचा स्रोत' हा शब्द वापरता येतो. प्रौढ पुरुषाची शिफारस ५४ ग्रॅमची. त्याचे १० टक्के म्हणजे साडेपाच ग्रॅमसुद्धा नाहीत. आता गंमत बघा. निव्वळ मैद्याच्या साध्या पांढऱ्या ब्रेडमध्येही १०० ग्रॅमला सातआठ ग्रॅम प्रथिनं असतात. मैद्यात प्रथिनं असतातच, त्या चिकट प्रथिनांवरच तर ब्रेड फुगतो. मग नियमाच्या भाषेत पांढरा ब्रेडही 'प्रथिनांचा स्रोत' ठरतो. त्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी, म्हणून गव्हाच्या प्रथिनाला डाळीची जोड लागते, ही गोष्ट त्या शब्दात येत नाही. दावा मात्र कायदेशीर आहे.

फायबरचा हिशेब तर आपण इथेच मांडू. तो घरीही उपयोगी पडेल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकात १०० ग्रॅम कणकेत फायबर सुमारे ११ ग्रॅम आहे, आणि १०० ग्रॅम मैद्यात ३ ग्रॅमहून कमी. आता १०० ग्रॅम ब्रेडमध्ये पीठ साधारण ६० ते ६५ ग्रॅम असतं, उरलेलं मुख्यतः पाणी. तेव्हा पीठ ६० ग्रॅम धरून, फक्त कणकेचा ब्रेड असेल तर फायबर पावणेसात ग्रॅमच्या आसपास यायला हवं, आणि फक्त मैद्याचा असेल तर पावणेदोनच्या आसपास. निम्मं-निम्मं असेल तर सव्वाचार. म्हणजे तक्त्यातला फायबरचा आकडा बघून आत कणीक किती असेल, याचं अनुमान बांधता येतं.

पण हे अनुमान फसवताही येतं. गव्हाच्या कोंड्यात १०० ग्रॅमला ४० ग्रॅमहून जास्त फायबर असतं. तेव्हा मैद्याच्या ब्रेडमध्ये, १०० ग्रॅममागे तीन-चार ग्रॅम कोंडा टाकला की 'फायबरचा स्रोत' झाला, आणि दहा-अकरा ग्रॅम टाकला की 'हाय फायबर'. आकडा खरा, दावा कायदेशीर, ब्रेड मैद्याचाच. नैयायिक म्हणतील, हेतूला व्यभिचार झाला. जिथे धूर तिथे विस्तव हे ठीक, पण इथे विस्तवाशिवाय धूर काढायची सोय आहे.

कुणी म्हणेल, "मैदा आणि कोंडा मिळून कणीकच की!" नाही. गव्हाच्या दाण्याचे तीन भाग: मधला पिठाळ भाग, वरचा कोंडा आणि अंकुर. अंकुरात तेल आणि ई जीवनसत्त्व असतं. मैद्यात कोंडा परत मिसळला म्हणून अंकुर परत येत नाही.

आता तिसरा प्रश्न. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच.

न्यायदर्शनात शब्द प्रमाण आहे खरा, पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हेत बरं का. आप्त कोण? तर ज्याला विषय स्वतः माहीत आहे, आणि आपल्याला जसा माहीत आहे तसाच तो ऐकणाऱ्यापर्यंत पोचवण्याची ज्याला इच्छा आहे, तो. म्हणजे दोन अटी झाल्या. ब्रेडच्या कंपनीला पहिली अट पूर्णपणे लागू पडते. कणीक किती घातली हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. प्रश्न दुसऱ्या अटीचा आहे. जसं माहीत आहे तसंच सांगायचं आहे का?

याच परंपरेत वादाच्या लबाड्यांची यादी केलेली आहे. तिच्यात 'छल' नावाचा प्रकार येतो, आणि त्याचे पोटप्रकार तीन: वाक्छल, सामान्यछल, उपचारछल. मूळ व्यवहारात छल करतो तो प्रतिवादी. बोलणाऱ्यानं एक अर्थ मनात धरलेला असतो, आणि ऐकणारा मुद्दाम दुसरा काढतो. पाकिटावर उलटं होतं. ऐकणारा बापडा सरळ असतो. बोलणाराच असे शब्द निवडतो की सरळ माणसाच्या मनात एक अर्थ उतरावा, आणि कुणी जाब विचारलाच तर दुसरा दाखवता यावा. हा फरक लक्षात ठेवून ती जुनी यादी वापरली तर फार कामाला येते.

वाक्छल म्हणजे दोन अर्थांच्या शब्दाचा फायदा घेणं. 'नव' म्हणजे नवीन आणि नवही नऊ. एकानं नवी कांबळ पांघरली आहे असं म्हटलं, तर दुसरा म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. आपल्याकडचं उदाहरण 'व्हीट ब्रेड'. वाचणारा समजतो कणकेचा. पण मैदासुद्धा गव्हाचाच, नाही का? इंग्रजीत त्याला 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' म्हणतात, त्यातही गहू आहेच. तसाच 'ब्राउन'. डॉक्टरांच्या तोंडी ब्राउन म्हणजे कोंड्यासकट पीठ. पाकिटावर ब्राउन म्हणजे रंग, आणि तो रंग थोडासा कॅरॅमल घालूनही आणता येतो. घटकांच्या यादीत आयएनएस १५०ए असा आकडा दिसला तर समजावं की तपकिरीपणाचा काही वाटा जळवलेल्या साखरेचा आहे. कॅरॅमल विषारी नाही, त्याला परवानगी आहे. आक्षेप त्याच्या असण्याला नाही, त्यानं दिलेल्या साक्षीला आहे.

सामान्यछल जरा सूक्ष्म आहे. एखाद्या वर्गाविषयी 'असं संभवतं' इतकंच सांगायचं, आणि त्या वर्गातल्या प्रत्येकाच्या बाबतीत ते खरं धरून चालायचं. अखंड धान्य आरोग्याला चांगलं, हे सामान्य विधान, आणि ते बरोबर आहे. या ब्रेडमध्ये अखंड धान्य आहे, हेही बरोबर. म्हणून हा ब्रेड आरोग्याला चांगला: इथे घसरलं. किती धान्य आहे? 'मल्टिग्रेन' या शब्दात 'अनेक' आहे, 'किती' नाही. ज्वारी, नाचणी, ओट, जवस, सोयाबीन अशी पाच नावं आणि पाच चित्रं असू शकतात, आणि पाचही मिळून मूठभर.

यातलंच एक उदाहरण मधुमेहींनी नीट ऐकावं. समजा ब्रेड खरोखर निव्वळ कणकेचा आहे, दाव्यात काडीचीही खोट नाही. तरी साखर चढण्याच्या वेगाचं काय? ग्लायसेमिक इंडेक्सची आंतरराष्ट्रीय कोष्टकं २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांत पांढऱ्या ब्रेडची सरासरी ७५, आणि होल व्हीट ब्रेडची ७४. एका अंकाचा फरक! कारण उघड आहे. दाणा अखंड असणं वेगळं, आणि अखंड दाण्याचं बारीक दळलेलं पीठ वेगळं. कणकेच्या ब्रेडचे फायदे आहेत. फायबर जास्त, खनिजं जास्त. तो जरूर निवडावा. पण 'हा ब्राउन आहे, म्हणून आणखी दोन स्लाइस चालतील' हे अनुमान ज्या घरात रोज सकाळी होतं, तिथे नुकसान होतं. आणि पाकिटावरचा एकही शब्द खोटा नसताना होतं.

तिसरा, उपचारछल. उपचार म्हणजे लाक्षणिक बोलणं. 'मंच ओरडतायत' म्हटलं तर मंचावरची माणसं ओरडतायत हे शहाण्याला कळतं. छल करणारा म्हणतो, लाकूड कुठे ओरडतं? पाकिटावर याची दिशा फिरते. 'नैसर्गिक', 'घरगुती', 'शेतातून थेट', शेजारी गव्हाच्या लोंब्या आणि हृदयाचं चित्र. ग्राहक हे शब्दशः घेतो. कुणी जाब विचारला की उत्तर येतं, अहो, ती बोलण्याची रीत आहे, जाहिरातीची भाषा आहे. विकताना वाच्यार्थ, आणि जबाब देताना लक्ष्यार्थ! मे २०२५ मध्ये प्राधिकरणानं '१००%' हा शब्द लेबलांवर आणि जाहिरातींत वापरू नये असं कंपन्यांना सांगितलं. कारण काय, तर नियमांत या शब्दाची व्याख्याच नाही. गणितात ज्याच्याइतका काटेकोर शब्द नाही, तो पाकिटावर येऊन अलंकार झाला होता.

तीन छल झाले. पण आमच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा दोष चौथा आहे, आणि तो शब्दांत नसून शब्दांमधल्या अंतरात आहे. वाक्याचा अर्थ कळायला ज्या गोष्टी लागतात त्यांत एक 'आसत्ती' किंवा 'संनिधी' सांगितली आहे. म्हणजे शब्द जवळजवळ यायला हवेत. 'गाय' आत्ता म्हटलं आणि 'आण' तासाभरानं म्हटलं, तर कुणी गाय आणणार नाही. आता पाकीट बघा. पुढच्या बाजूला बोटभर उंचीची अक्षरं: मल्टिग्रेन. मागच्या बाजूला, शिवणीच्या घडीत, मुंगीएवढ्या अक्षरांत: मैदा, आणि कंसात टक्केवारी. दोन्ही मिळून एक वाक्य होतं, 'हा मुख्यतः मैद्याचा ब्रेड असून त्यात थोडी इतर धान्यं आहेत'. हे पूर्ण वाक्य खरं आहे, आणि पाकिटावर ते आहेही. पण त्याचे दोन तुकडे करून दोन बाजूंना टाकले आहेत. कायदा म्हणतो माहिती दिली. आम्ही म्हणतो, वाक्य झालंच नाही.

दुसऱ्या एका देशातलं प्रकरण इथे सांगायला हवं, कारण तिथे तिसऱ्या प्रश्नाचा निकाल लागला. अमेरिकेत 'प्रोफाइल' नावाचा ब्रेड वजनावर ताबा ठेवणाऱ्यांसाठी म्हणून खपवला जायचा. त्याच्या स्लाइसमध्ये इतर ब्रेडपेक्षा कॅलरी कमी होत्या, आणि हे अक्षरशः खरं होतं. स्लाइसमागे सुमारे ७ कॅलरी कमी. का, तर स्लाइस पातळ कापली होती! १९७१ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनसमोर कंपनीला एक गोष्ट कबूल करावी लागली: वर्षभर जाहिरातीचा पाव हिस्सा ही समजूत दुरुस्त करण्यासाठी खर्च करायचा. नीट बघा, आकडा चुकला म्हणून हे झालं नाही. आकडा बरोबर होता. चुकीची होती ती लोकांच्या मनातली समजूत, आणि ती कंपनीनं घडवली होती. ज्यानं बिघडवली त्यानंच दुरुस्त करावी, हे त्या आदेशामागचं तत्त्व.

आणि पातळ स्लाइसची युक्ती जुनी झाली असं समजू नका. आपल्याकडे तक्त्यात १०० ग्रॅमचे आकडे द्यावे लागतात आणि एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग येतो, तेही द्यावं लागतं. दिवसाचं सोडियम २००० मिलिग्रॅम धरलेलं आहे, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. समजा एखाद्या ब्रेडमध्ये १०० ग्रॅमला ४५० मिलिग्रॅम सोडियम आहे, आणि सर्व्हिंग धरली आहे ३० ग्रॅमची, एक स्लाइस. टक्केवारी येते ७ च्या आत. किती सौम्य वाटतं! पण एक स्लाइस खाऊन उठणारा माणूस आम्ही पाहिलेला नाही. सँडविचला दोन लागतात, आणि दोन सँडविचं म्हणजे चार. चार स्लाइसमध्ये ५४० मिलिग्रॅम झालं, दिवसाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त, तेही लोणी आणि चटणीच्या आधी. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला हा हिशेब पाकीट सांगत नाही. सांगत नाही म्हणजे, करायला लावतं.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकू. पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा नाही, ही आमची शिस्त.

पहिला आक्षेप: मागे सगळं छापलं आहे, ग्राहकानं वाचावं, आळशी वाचकाची जबाबदारी आमच्यावर का? यात तथ्य आहे. वाचायलाच हवं. पण विचार करा, मागची बाजू कुणी वाचणार नाही असं धरूनच जर पुढची बाजू रचली असेल, तर वाचत नाही म्हणून त्याच वाचकाला दोष देता येणार नाही. शिवाय चष्मा लावूनही न दिसणारी अक्षरं, इंग्रजी नावं आणि वर टक्केवारीचं गणित, एवढं ज्याला जमत नाही तो आळशी नसतो. बहुधा तो म्हातारा असतो, किंवा कमी शिकलेला. आणि नेमका त्यालाच लेबलाचा आधार हवा असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पाकिटाला निदान लेबल आहे. बेकरीतल्या सुट्या पावाला काय आहे? हे मान्य. गोव्यात पोदेर सकाळी पोय घेऊन येतो. तिच्यावर कोंडा भुरभुरलेला असतो. वर कोंडा दिसला म्हणून आत कणीकच असेल असं नाही, आणि त्याच्या टोपलीवर तक्ता नसतो. पण पोदेर 'हाय फायबर' म्हणून ओरडतही नाही. तो सांगतो, पोय आली. साक्ष न देणं आणि अर्धी साक्ष देणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. जो बोलत नाही त्याच्याकडे आपण आपली सावधगिरी घेऊन जातो. जो बोलतो त्याच्यापाशी ती खाली ठेवतो.

तिसरा आक्षेप: मग काय, पाकिटावर प्रबंध छापायचा? नाही. आमची मागणी अगदी लहान आहे. जो शब्द पुढे मोठ्या अक्षरांत आहे, त्याचं प्रमाण त्याच्याच शेजारी, त्याच अक्षरांत असावं. 'मल्टिग्रेन: इतर धान्यं अमुक टक्के, मैदा अमुक टक्के'. एवढंच. एखाद्या घटकाचा पाकिटावर गाजावाजा केला असेल तर त्याचं प्रमाण द्यावं, हा नियम आपल्याकडे आहेच. पण ते मागच्या यादीत दिलं तरी भागतं. ते पुढे यावं. माहिती वाढवायची नाही, तिचं अंतर कमी करायचं. आसत्ती साधायची, दुसरं काही नाही. पाकिटाच्या दर्शनी बाजूला पोषणाची खूण असावी, याची चर्चा देशात अनेक वर्षं चालू आहे. २०२२ मध्ये ताऱ्यांच्या पद्धतीचा मसुदाही आला. आम्हाला ताऱ्यांपेक्षा टक्केवारी बरी वाटते. तारा निष्कर्ष देतो, टक्केवारी पुरावा देते. आणि आम्ही निष्कर्षापेक्षा पुरावा मागणाऱ्या घराण्यातले.

तोवर काय करायचं? हे ऐकणारे विचारणारच, म्हणून थोडक्यात सांगतो. पाकीट आधी उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते. पहिलं नाव मैद्याचं असेल तर पुढच्या बाजूला काहीही लिहिलेलं असो, तो मैद्याचा ब्रेड. मग फायबर बघा, १०० ग्रॅमच्या रकान्यात, सर्व्हिंगच्या नव्हे. सहाच्या वर असेल आणि यादीत कणीक पहिली असेल, तर दोन साक्षी जुळल्या. सहाच्या वर आहे पण मैदा पहिला, तर कोंड्यानं दिलेली साक्ष आहे हे ओळखा. 'कोलेस्टेरॉल नाही' वाचून हुरळू नका. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं; पीठ, पाणी, यीस्ट आणि वनस्पती तेलाच्या ब्रेडमध्ये ते येणार कुठून? ज्याचं नसणं आधीपासूनच ठरलेलं, त्याचा अभाव हा गुण म्हणून मिरवला जातोय. आणि मधुमेह असेल तर कुठल्याही रंगाच्या स्लाइस मोजूनच खा, किती ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

समारोप करू. आज आम्ही कुणा एका कंपनीवर खोटेपणाचा आरोप केला नाही, आणि तो मुद्दाच नव्हता. ब्रेडचं लेबल खोटं बोलतं का? बहुतेक वेळा, नाही. ते खरं बोलतं का? आमचं उत्तर, तेही नाही. खोटं न बोलणं सोपं आहे, त्याला चांगला वकील पुरतो. खरं बोलायला ऐकणाऱ्याला काय कळलं याची जबाबदारी घ्यावी लागते. आप्त असण्याची दुसरी अट तीच आहे. आपला कायदा आज पहिली अट तपासतो, दुसरीच्या उंबरठ्यावर आला आहे, आत आलेला नाही.

ही कसोटी ब्रेडपुरती नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. औषधांना, विम्याच्या कागदांना, निवडणुकीच्या जाहीरनाम्यांनाही ती लावून बघता येईल. पण तो वेगळा विषय. आज ब्रेड पुरे.

इथे थांबतो. आता प्रश्न विचारा, आणि पुढच्या वेळी येताना घरातलं एक पाकीट घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.